धुराड्याचे डोहाळे

हमदान, २० आबान

ती. अक्दस खाला हिस,
तरानेचा सलाम. वि. वि.

पोचल्या दिवशी फोनवर मी नुसतं हो, हो, छान, छान करत होते म्हणून तू रुसली असशील. पण खाला, इथला फोन खालच्या मजल्यावर सासूबाईंच्या बैठकीत आहे. मी बोलायला लागले की इफ्फत खानम चहाच्या समोवाराची तोटी बंद करून ऐकत बसतात. वाईट बुद्धीने नाही हं. बुशहरच्या मुलीचा हेल कानाला गोड लागतो म्हणतात. आता गोड लागतो तर ऐकू दे बापडीला, पण मग मनातलं बोलायचं कुणाजवळ? म्हणून हे पत्र.

थंडीचं काय सांगू! आबान महिना सरायचाय अजून, तरी अलवंद डोंगर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा झालाय. तू दिलेले दोन्ही लोकरी कोट मी एकावर एक घालते. परवा गल्लीतली एक बाई दुसरीला म्हणाली, नवरी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सुटलीय की! तुझ्या जावयाला, कियूमर्सला, माझी दया येत नाही. म्हणतो, लष्कराच्या नोकरीत तुमच्या गावाने मला दोन वर्षं घाम फोडला, आता तुझी पाळी. त्याचं रस्ते-खातं म्हणजे बर्फ उपसण्याचं खातं. उजाडता जातो, अंधारताना येतो.

हे घर सासऱ्यांनी, हाज आगांनी, स्वतः उभं केलंय. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि प्रत्येक सुट्टीत एकेक भिंत चढवली. खाली ती दोघं, वर आम्ही. वरचा मजला कित्येक वर्षं मुलाच्या लग्नाची वाट बघत नुसताच उभा होता. आता गिलावा झाला, निळ्या फुलांच्या फरशा बसल्या. पाहुणा आला की हाज आगा त्याला वर आणतात आणि भिंतीवर थाप मारून म्हणतात, ऐका, कशी भरीव वाजते ती. मलाही ऐकायला लावतात. मीही मान डोलावते.

तू रुखवतात दिलेला गॅसचा गिझर सगळ्यांना आवडला. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ऊनच तापवतं, त्यामुळे हे यंत्र कसं चालतं ते मला कुठे माहीत! स्वयंपाकघरात माझ्या कपाटांनी जागा खाल्ली, म्हणून तो न्हाणीघरात टांगला. बाजारातून बसवणारा आला होता. गिझरच्या डोक्यावर त्याने धुरासाठी एक चकचकीत, चुण्याचुण्यांची नळी चढवली. ती पाहून इफ्फत खानमनी नाक मुरडलं, नव्या घरात हे आतडं कशाला लोंबतंय म्हणाल्या. मग ती नळी खोट्या छताच्या आत लपवून आडवी नेली आणि भिंतीतल्या धुराड्याच्या भोकात खुपसली. त्या माणसाला गच्चीवर जाऊन धुराड्याचं तोंड बघायचं होतं. हाज आगा म्हणाले, अहो, धुराडं मी माझ्या हातांनी बांधलंय, वर काय ठेवलंय बघायला, आधी दोन घास खा. आता मटणाचं आबगुश्त आणि वर चहाचे पेले झाल्यावर शिडी कोण चढणार? घराला दुवा देत गेला.

माझी काळजी करू नकोस. आठवण मात्र भरपूर काढ.

तुझी मायेची ऊब दोन कोटांच्या आत जपणारी,
तराने


बुशहर, २ आजर

चि. सौ. तराने हिस,
अक्दस खालाचे अ. आ.

तुझं पत्र पोस्टमनच्या हातातून ओढूनच घेतलं. तो म्हणाला, खानम, सही तरी करा. सही कसली करते, चष्माच सापडेना. शेवटी त्यालाच पहिला परिच्छेद वाचायला लावला. तुझ्या सासूला तुझा हेल गोड लागतो हे आता सगळ्या बंदराला ठाऊक झालं आहे.

इथे दुपारी अजून पंखा लागतो. घर रिकामं वाटतं. तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, मांडीवर घेऊन मला वाटायचं, हिला वाढवायचं कसं! आणि आता वाटतं, इतक्या लवकर वाढलीस कशाला? असो. रडू नकोस, मीही रडत नाहीये, मासे साफ करताना डोळ्यात मीठ गेलं.

टपालाने खजूर, सुकी कोळंबी आणि वाळवलेली लिंबं पाठवली आहेत. कोळंबीचा वास इफ्फत खानमना सोसणार नाही, हळूहळू सवय लाव. दोन गोष्टी मात्र मोठी म्हणून सांगते. एक, थंडीत आंघोळ करताना अंगावर वारा घेऊ नकोस. न्हाणीघराच्या खिडकीच्या फटी बुजवून घे आणि गरम पाण्याखाली हवा तेवढा वेळ उभी राहा, गिझर मी त्यासाठीच दिलाय. दुसरी, सुनेने पहिलं वर्ष डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवावं. त्यांच्या घरात काही खटकलं तर गिळावं. मी नाही का तुझ्या काकांच्या आईचं सतरा वेळा ऐकून घेतलं? शेवटी तीच म्हणाली, अक्दससारखी सून नाही. मरताना म्हणाली, पण म्हणाली.

हाज आगांना आणि जावयाला सलाम सांग.

तू हसलीस की इथे पोटभर जेवणारी,
तुझी खाला


हमदान, १८ आजर

ती. अक्दस खाला हिस,
तरानेचा सलाम. वि. वि.

खजूर पोचले. कोळंबीही पोचली, आणि ती पोचल्याचं गल्लीतल्या सगळ्या मांजरांना कळलं.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण नक्की काही नाही, तेव्हा उड्या मारू नकोस. गेले दोन-तीन आठवडे माझी तब्येत विचित्र झालीय. डोकं असं ठणकतं की कपाळाला फडकं बांधून बसावंसं वाटतं. मळमळतं. जिना चढले तर पायांत जीव राहत नाही. मंगळवारी आंघोळ करून बाहेर आले आणि उंबऱ्यापाशीच गुडघे वाकले. कियूमर्सने धरलं, द्राक्षाच्या काकवीचं सरबत पाजलं. तो म्हणाला थंडी बाधली. मग त्याने तुझा सल्ला ऐकून न्हाणीघराच्या खिडकीवर प्लॅस्टिक ताणून चारी बाजूंनी पट्टी चिकटवली. आता वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही. आरशावर इतकं दव धरतं की स्वतःचं तोंड दिसत नाही. दुखणं मात्र कमी झालं नाही, वाढलंच.

इफ्फत खानमनी माझा चेहरा पाहिला आणि दोन्ही हात आकाशाकडे उचलले. त्यांनी लगेच निदान केलं! तेव्हापासून मला जड उचलू देत नाहीत. दृष्ट लागू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ माझ्या डोक्यावरून इस्फंदचे दाणे ओवाळून निखाऱ्यावर टाकतात. मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे जाऊन खात्री करून घेऊ. तर म्हणाल्या, चाळीस दिवस होईपर्यंत तपासायचं नाही आणि कुणाला सांगायचंही नाही. मग स्वतःच खाली जाऊन गल्लीतल्या पाच घरांत सांगून आल्या.

गंमत म्हणजे गेल्या शुक्रवारी आम्ही कियूमर्सच्या काकांच्या बागेत राहायला गेलो होतो. तिथे मी ठणठणीत. अक्रोड फोडले, बर्फात खेळले, दोन वेळा जेवले. घरी आलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं धरून बसले. इफ्फत खानम म्हणतात, पोरगं बागेत रमणारं निघणार. आणि तुझा जावई तर नाटकीच आहे. सुट्टीच्या दिवशी निवांत आंघोळ करून आला आणि माझ्याशेजारी डोकं धरून आडवा झाला. म्हणाला, तराने, मलाही मळमळतंय, मलाही डोहाळे लागलेत! आम्ही इतके हसलो की हसूनच मला उलटी झाली.

खाला, खरं असेल ना गं? असलं तर तू ये. मला भीतीही वाटते आणि आनंदही होतो.

तुझ्या कुशीची वाट इथूनच बघणारी,
तराने


बुशहर, २७ आजर

चि. सौ. तराने हिस,
अक्दस खालाचे अ. आ.

पत्र मिळताच मी नमाजाच्या चटईवर जाऊन बसले. शेजारणीला बोलावून सांगितलं, तिने हलव्यासाठी पीठ भाजायला घेतलं. मग पत्र पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि जावयाच्या गमतीपाशी येऊन माझं हसू ओठावरच थांबलं.

अगं, बायकोला डोहाळे लागतात. नवऱ्याला लागत नाहीत. दोघांनाही एकाच न्हाणीघरातून बाहेर आल्यावर लागत असतील, आणि बागेत गेल्यावर थांबत असतील, तर ते डोहाळे पोराचे नाहीत, घराचे आहेत.

तुला माहीत नाही, तुझे आजोबा काही वर्षं शहरकोर्दला बदलीवर होते. तिथे हिवाळ्यात आम्ही कोर्सीत झोपायचो, बुटक्या मेजाखाली निखाऱ्यांची शेगडी आणि वर भली मोठी रजई. निखारे अर्धवट जळालेले असले की सकाळी डोकं फुटायचं, पोटात ढवळायचं. आजी आम्हाला ओढत अंगणात बर्फात नेऊन बसवायची, की तासाभरात बरं. समोरच्या घरात एका रात्री कुणी बाहेर ओढायला जागं राहिलं नाही. तिथली माझी मैत्रीण होती. तिचं नाव मी आजही घेत नाही.

कोपऱ्यावरचा नानवाला शीराझला गॅसच्या भट्टीवर होता, त्याला विचारून आले. त्याने पिठाचे हात झटकले आणि गंभीर झाला. म्हणाला, गॅस सुटला तर नाकाला कळतं, पण जळालेल्या गॅसचा धूर धुराड्याने वर नेला नाही तर तो खोलीत उतरतो आणि त्या विषाला वासच नसतो. माणसाला फक्त झोप येते. आधी खिडकी आणि दार उघड, ते प्लॅस्टिक फाडून टाक. मग गिझर लावून, जिथे त्याचा धूर नळीत शिरतो त्या तोंडाशी पेटती काडी धर. ज्योत आत ओढली गेली तर धुराडं जिवंत आहे. तुझ्याकडे झुकली किंवा विझली, तर मेलेलं आहे. मग गिझर बंद कर आणि गच्चीवर कुणीतरी जाऊन बघेपर्यंत त्याला हात लावू नकोस.

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा इफ्फत खानमनी उचलला, मुबारक हो, मुबारक हो करून मला बोलूच दिलं नाही, आणि तू झोपलीयस म्हणाल्या. त्या आनंदाने बोलत होत्या, आणि मी त्यांना कसं सांगणार की तुमच्या यजमानांनी हातांनी बांधलेलं धुराडं कदाचित चुकलंय? जिभेवर आलेलं गिळलं. एवढंच म्हटलं की तरानेला म्हणावं, गावातल्या हमामात जात जा. तर त्या दुखावल्या. म्हणाल्या, आमच्या घरात न्हाणीघर नाही का? म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकतेय.

गेल्या पत्रात फटी बुजव म्हणून मीच लिहिलं होतं. तोंड बंद ठेव असंही मीच लिहिलं होतं. दोन्ही मागे घेते.

काडी पेटवलीस की लगेच लिही. तोवर या घरात चूल पेटणार नाही.

जीव मुठीत धरून,
तुझी खाला


हमदान, ६ दै

ती. अक्दस खाला हिस,
तरानेचा सलाम. वि. वि.

तू म्हणालीस तसंच केलं. कियूमर्सने प्लॅस्टिक ओरबाडून काढलं, मी काडी धरली. ज्योत आत गेली नाही. ती माझ्या बोटांकडे वळली आणि विझली. दुसरी धरली, तीही तशीच. मग कियूमर्सने माझा हात धरून मला बाहेर आणलं आणि आम्ही दोघं जिन्यावर बसून राहिलो. गिझरच्या कपाळावर काजळी धरली होती, खाला. मी ती दर आठवड्याला पुसत होते. पुसताना एकदाही विचारलं नाही की ही येते कुठून.

त्या दिवसापासून आम्ही दोघं खालीच आंघोळ करतो. चार दिवसांत डोकं हलकं झालं. मळमळ गेली. आणि डोहाळेही गेले.

कियूमर्स गच्चीवर चढून आला, पण तिथे हातभर बर्फ, काय कुठे आहे ते त्याला कळेना. हाज आगा हिवाळ्यातली सगळ्यात मोठी, यल्दाची रात्र झाल्यावर मशहदच्या यात्रेला गेलेत. यात्रेचं कारण मला ठाऊक आहे. नातवासाठी नवस बोलायला गेलेत. दोन आठवड्यांनी येतील. कियूमर्स म्हणतो, घर बाबांचं आहे, त्यांच्या पाठीमागे भिंत उकरली तर त्यांना फार लागेल. ते आले की मी स्वतः सांगेन, तोवर आपण गिझर लावायचा नाही, मग धोका कुठे राहिला?

आणि इफ्फत खानमना सांगायचं तर दोन गोष्टी एकदम हिरावून घ्यायच्या. एक त्यांचं नातवंड आणि एक त्यांच्या नवऱ्याचा अभिमान. काल त्यांनी मला विचारलं, खाली का आंघोळ करतेस? मी म्हटलं, तुमच्याजवळ बरं वाटतं. त्या इतक्या सुखावल्या की माझी पाठ चोळून दिली. खाला, मला रडू आलं. तुला वाटेल ही भित्री आहे. आहेच मी. पण दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे.

धीर देणारी दोन अक्षरं पाठव.

तुझीच,
तराने


तार. बुशहर, १३ दै

दोन आठवडे नकोत. आजच बोल. सासूचा राग परवडेल. न्हाणीघराला कुलूप लाव. अक्दस


हमदान, १६ दै

ती. अक्दस खाला हिस,
तरानेचा सलाम. वि. वि.

तुझी तार आली तेव्हा घरात ती घ्यायला कुणी नव्हतं. आम्ही सगळे इस्पितळात होतो. शेजाऱ्यांनी आणून दिली. आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत. आता सांगते काय झालं ते.

शनिवारी कडाक्याची थंडी पडली आणि खालच्या न्हाणीघराचा नळ फुटला. हाज आगा ठरल्यापेक्षा आधीच, दुसऱ्या दिवशी येणार होते. इफ्फत खानमना केसांना मेंदी लावून, न्हाऊन तयार व्हायचं होतं. मी नान आणायला गेले होते. रांग मोठी होती, त्यात दोन ओळखीच्या भेटल्या, मुबारक म्हणाल्या, माझी मान खाली. परत आले तर खाली कुणी नाही, आणि वरून पाण्याचा आवाज येत होता.

नान कुठे टाकले मला आठवत नाही. वर धावले. न्हाणीघराचं दार आतून लावलेलं. मी हाका मारल्या, दार बडवलं. आतून उत्तर नाही, नुसतं पाणी. त्या खिडकीवर थंडीसाठी त्यांनी आतून जाड पंचा कोंबला होता, तो मला सज्जातून दिसत होता. गच्चीच्या शिडीपाशी बर्फ उपसायचं फावडं होतं, त्याने काच फोडली, पंचा आत ढकलला, हात घालून गिझरची गॅसची कळ बंद केली. हात कापला, पण खोल नाही. मग फावड्यानेच दाराची कडी उखडली.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोक्याला अर्धी मेंदी, आणि झोपल्यासारख्या. गाल लाल होते. खाला, त्या इतक्या छान दिसत होत्या की क्षणभर मला वाटलं नुसती डुलकी लागलीय. चादरीत गुंडाळून मी त्यांना सज्जात बर्फात ओढलं. मला त्या उचलवत नाहीत, तुला ठाऊक आहे त्या केवढ्या आहेत. पण ओढलं. आणि ओरडले. इतकी ओरडले की दोन गल्ल्या जमल्या. म्हणे बुशहरचा हेल तेव्हा कुणाला गोड लागला नाही.

इस्पितळात रात्रभर प्राणवायू लावला. पहाटे डोळे उघडले. पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? मला उचलून आणलंस की काय, तुला जड उचलायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं! तेव्हा मी त्यांच्या पलंगापाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. काडी, ज्योत, तुझं पत्र, माझं खोटं. मूल नाही हेही सांगितलं. डॉक्टरांनी मलाही त्याच दिवशी तपासलं होतं, नाहीच.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, आता मला माहेरी धाडतील. तेवढ्यात हाज आगा स्टेशनवरून थेट आले, हातात मशहदच्या केशराची पुडी आणि नवसाचा हिरवा धागा. त्यांना बघून मी बाहेर पळाले. खोलीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

मी आधी बोलले असते तर, एवढंच सारखं मनात येतं. तू रागावली नाहीस तर लिही. रागावली असलीस तरी लिही.

तराने


हमदान, ५ बहमन

भगिनी अक्दस खानम यांस,
हमदानहून इफ्फतचे स. न. वि. वि.

आपण लग्नाच्या गर्दीत ओझरत्या भेटलो, नंतर फक्त फोनवर, आणि त्यातही मी तुम्हाला बोलू दिलं नाही. आज मी लिहिते, तुम्ही वाचा. माझं अक्षर वाईट आहे, समजून घ्या.

तुमच्या मुलीने तुम्हाला लिहिलं असेल की ती दोषी आहे. तिच्या लिहिण्याकडे लक्ष देऊ नका. तिने बोलायला हवं होतं हे खरं. पण मी तिला बोलायला जागा ठेवली होती का? ती डोकं धरून बसली की मी इस्फंद जाळत होते. मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं. तुम्ही दोनदा फोन केलात, तेव्हा तुमच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला कळलं होतं. मी दुर्लक्ष केलं. माझ्या घराला नाव ठेवतेय ही बंदरवाली, एवढंच मनात आलं.

आता आमच्या यजमानांचं. इस्पितळातून मला घेऊन घरी आले ते कोट न काढता थेट गच्चीवर गेले. बर्फ उपसला. वरच्या मजल्याच्या धुराड्यावर डांबरी अस्तर चिकटवलेलं होतं, सपाट, चुकूनसुद्धा फट नाही. उन्हाळ्यात गच्चीला अस्तर घातलं तेव्हा त्या तोंडातून नव्या गिलाव्यावर पाणी टपकत होतं, म्हणून त्यांनीच कामगारांना सांगितलं होतं, हे सध्या झाकून टाका, वर कुणी राहत नाही. मग लग्नाच्या गडबडीत विसरले. स्वयंपाकघरातली सुरी नेऊन त्यांनी ते कापलं. कापून झालं तरी खाली येईनात. आवाज दिला, ओ देईनात. शेवटी डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलेलं असतानाही मी शिडी चढून गच्चीवर गेले. त्या भोकापाशी बसले होते, आत बघत. मीही बसले. ते म्हणाले, इफ्फत, मी पोरांना जगातल्या सगळ्या वाऱ्यांची नावं शिकवली. आम्ही हात धरून खाली आलो.

गॅसच्या कचेरीतून माणूस बोलावला. यजमानांनी त्याला आधी गच्चीवर पाठवलं, चहा नंतर दिला. त्याने ती चुण्यांची नळी छतातून ओढून काढली तर मधे एका जागी ती सांध्यातून निसटलेलीही होती. म्हणजे वरचं तोंड उघडं असतं तरी धूर छताच्या पोटातच साठला असता. लपवायला सांगणारी मीच. आता गिझर न्हाणीघरातून हलवून स्वयंपाकघरात बाहेरच्या भिंतीला लावलाय, तुमच्या मुलीचं एक कपाट काढावं लागलं. जाड पत्र्याची ताठ नळी, सांधे घट्ट, फारशी वळणं नाहीत, सरळ वर चढते, गच्चीच्या कठड्याच्याही वर जाते आणि डोक्यावर टोपी. बर्फ कितीही पडो, तोंड बुडणार नाही. दाराला खालून जाळी बसवली, बाहेरची हवा यायला. नळी सगळ्यांना दिसते. कुरूप आहे. दिसू दे.

ते झाल्यावर यजमानांनी खिशात काड्यापेटी घातली आणि गल्लीत घरोघर जायला लागले. दार वाजवतात, म्हणतात, जरा तुमचा गिझर लावा, मला एक काडी पेटवायची आहे. मुलं ओरडतात, मास्तर परीक्षा घ्यायला आले! एका घरी धुराड्यात कबुतराचं घरटं सापडलं, दुसरीकडे नळीच नव्हती, धूर सरळ कोठीत. आता लोक आपणहून बोलावतात. बाळाच्या टोपड्यासाठी मी पिवळी लोकर आणली होती. ती पडून राहिली की डोळ्यांना बोचायची. तिची मी त्यांच्यासाठी टोपी विणली, गच्चीवर फिरताना डोकं उघडं नको. ते ती घालतात. अजून मला त्यांच्याकडे नीट बघवत नाही, पण घालतात.

नातवाचं म्हणाल तर देईल तेव्हा देईल. आम्ही दोघींनी एकदा मन मोकळं करून रडून घेतलं. मला लाज वाटली होती, तिला दुःख होतं. ती म्हणाली, आई हा शब्द तिला कुणासाठी वापरायलाच मिळाला नव्हता. मी म्हटलं, मग माझ्यासाठी वापर, आणि एक अट पाळ. या घरात तुला काही चुकलेलं दिसलं तर माझ्या तोंडावर सांगायचं. गिळायचं नाही. मी रागावेन, भांडी आपटेन, तरी सांगायचं.

दुसऱ्याच दिवशी जेवायला बसलो. मी डाळ-शेवयांची आश वाढली. तिने एक चमचा खाल्ला, चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आई, यात मीठ फार झालंय.

अक्दस खानम, तीस वर्षं मी या घरात आश करते. कियूमर्सने मान खाली घातली, यजमानांनी टोपी आणखी खाली ओढली. मी विचारलं, आजच झालंय की नेहमीच असतं? मग यजमान टोपीतूनच हळूच म्हणाले, नेहमीच. आम्ही सगळे हसायला लागलो, आणि तुमची मुलगी उठून सगळ्यांच्या वाडग्यांत गरम पाणी ओतत गेली.

वसंत आला की तुम्ही या. राहायला या, भेटायला नको. येताना ती वासाची कोळंबीही आणा, मी कुणाला सांगणार नाही, पण मला ती आवडायला लागलीय.

बहीण म्हटलंय ते मनापासून, हे ध्यानात असू द्या.

तुमची,
इफ्फत